पृष्ठ ३८, चित्र ४ : सोजरबाईंच्या निरोगी यकृताबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
संशोधन योजना विभागणी कार्यालय,
मुक्काम नागपूर.

विषय : यकृताच्या कर्करोगावरील प्रसिद्ध लेखात चित्र ४ दुसऱ्याच रुग्णाचे छापले गेल्याबाबत, व त्या अनुषंगाने आपल्या अधिकारातील एका आदेशाबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. संयोवि/चित्र/११७, दि. २२ मार्च १९५७.

महोदय,

१. मी यकृतरोग संशोधन योजनेच्या बुऱ्हाणपूर केंद्रात सहा वर्षे प्रयोगशाळा सहायिका आहे. शिक्षण बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. रुग्णाच्या यकृतातून सुईने काढलेला शेवईएवढा तुकडा मेणात बसवणे, त्याचे पातळ काप घेणे, ते काचेवर रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवून त्यांची छायाचित्रे काढणे हे माझे काम. निदान करणे हे माझे काम नाही आणि या अर्जात मी ते कोठेही केलेले नाही. मात्र कोणती काच कोणाची, हे सांगणे माझ्याकडेच आहे. त्याच मर्यादेत राहून पुढील मजकूर लिहीत आहे. मागील सात अर्ज मी एका पानात बसवले होते. हा बसला नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

२. आमच्या केंद्राचे तत्कालीन प्रमुख डॉ. लीलाधर नेहेते यांचा ‘तापी खोऱ्यातील यकृताचा कर्करोग : अकरा रुग्ण’ हा लेख आरोग्य-संशोधन पत्रिकेच्या मराठी आवृत्तीत, ऑगस्ट १९५६ च्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यात सहा चित्रे आहेत. चित्र १, २, ३ आणि ५ ही कर्करोगाच्या चार रुग्णांची. चित्र ६ हे एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनानंतरचे. चित्र ४ तुलनेसाठी दिलेले होते. निरोगी यकृत कसे दिसते हे वाचणाऱ्या डॉक्टरांना कळावे, एवढाच त्याचा हेतू.

तुलनेची काच मी निवडली. ती जैनाबाद येथील सोजरबाई यांची. दोन वर्षांपूर्वी त्या ताप आणि उजव्या बरगडीखालच्या दुखण्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. शंका आली म्हणून सुई घातली. यकृत निर्दोष निघाले. दुखणे आमांशाचे होते, ते औषधाच्या दहा सुयांत गेले आणि त्या तापी ओलांडून पायी घरी गेल्या. सहा वर्षांत माझ्या हातून झालेली ती सर्वांत स्वच्छ काच आहे. पेशींच्या रांगा केळीच्या बागेतल्या ओळींसारख्या सरळ दिसतात. निवडताना मला थोडा अभिमान वाटला होता, हे नमूद करते, कारण पुढील सर्व प्रकरणाची सुरुवात त्या निवडीपासून होते.

३. अंक उघडून पाहिला तेव्हा पृष्ठ ३८ वर चित्र ४ च्या जागी मला कर्करोग दिसला. तो चित्र २ मधलाच होता, फक्त डोके खाली पाय वर. हे मी अंदाजाने म्हणत नाही. चित्र २ च्या काचेवर काप घेताना माझ्या हातून एक बारीक घडी पडली होती, कारण त्या दिवशी पाते बोथट होते. चित्र २ मध्ये ती घडी उजव्या हाताला वर आहे. चित्र ४ मध्ये तीच घडी डाव्या हाताला खाली आहे. दोन माणसांच्या यकृतांत पुष्कळ साम्य असू शकते, पण माझ्या बोथट पात्याची घडी दोघांना सारखी पडणे शक्य नाही.

४. त्याहून गंभीर गोष्ट खालच्या मथळ्यात होती. आम्ही पाठवलेला मथळा असा : ‘निरोगी यकृत, तुलनेसाठी. सो. बाई, वय ४६, जैनाबाद.’ छापून आलेला असा : ‘यकृताचा कर्करोग, पुढची अवस्था. सो. बाई, वय ४६, जैनाबाद.’

हे कसे घडले याचा शोध घेण्यासाठी मी दसऱ्याच्या सुटीत स्वतः नागपूरला जाऊन छापखान्याच्या फोरमनना भेटले. त्यांनी काहीही लपवले नाही. उलट थोडे कौतुकाच्या अपेक्षेनेच सांगितले. त्यांचे शब्द मी परतीच्या गाडीत टिपून ठेवले, ते असे : “बाई, मथळे सहा अन् चित्रांचे ब्लॉक, म्हणजे लाकडावर ठोकलेले जस्ताचे ठसे, पाच. चौथा ब्लॉक लाकडावरून सुटला अन् कुठं गेला सापडेना. मशीन उभी. रिकामा चौकोन सोडला तर पान कसं दिसते, सांगा. मी दुसरा ब्लॉक परत चढवला. अन् वाचणाऱ्याला एकच चित्र दोनदा वाटू नये म्हणून उलटा चढवला. एवढी काळजी कोण घेते आजकाल?”

यानंतर ती पाने तपासणीसाठी एका तज्ज्ञ परीक्षकांकडे गेली. त्यांनी चित्र पाहिले, खाली ‘निरोगी’ हा शब्द पाहिला, आणि शास्त्राला स्मरून मथळा दुरुस्त केला. मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांचे निदान अचूक आहे. यकृत तेवढे दुसऱ्याचे होते.

५. ही चूक पत्रिकेतच राहिली असती तर कदाचित मी दोन अर्ज करून थांबले असते. तशी ती राहिली नाही, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नाही.

आमच्या केंद्रातील कंपाउंडर श्री. रमेश यांनी अंक पाहून सोजरबाईंना आनंदाने निरोप धाडला, की मावशी, तुमचा फोटो किताबात छापून आला. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्याआधी त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “आजपर्यंत ज्याचे त्याचे फोटो आले त तोंडाचे आले. आतला फोटो कोनाचा आला? माह्या आला. बाई, एक दिवसाकरता किताब दे, गावाले दाखवते.”

त्या वेळी मी अंक उघडलाही नव्हता. टपालाचे पुडके नुकते सुटले होते. मी एक प्रत त्यांना दिली. न तपासता दिली, हा माझा दोष आहे आणि तो मी कोणाच्याही पदरात घालू इच्छित नाही.

त्यांनी ती प्रत घरी नेऊन पाटावर ठेवली, पृष्ठ ३८ ला हळदकुंकू लावले, शेजारणींना गूळ वाटला आणि मग शाळेतील श्री. चुडामण गुरुजींना सर्वांसमोर वाचून दाखवण्याची विनंती केली. गुरुजी वाचक म्हणून चांगले आहेत. त्यांनी मथळा मोठ्याने आणि स्पष्ट वाचला.

६. सोजरबाई मांडे करतात. आपण नागपूरकडचे असल्याने थोडे सांगणे आवश्यक वाटते. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत पुरणाचे मांडे लागतात. चुलीवर मातीचे खापर पालथे घालतात. मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि तसाच खापरावर टाकतात. हे काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मांडवाच्या कडेला चालते. ज्या बाईचा मांडा फाटत नाही तिला दहा गावांतून बोलावणे येते. सोजरबाईंचा फाटत नाही. मागील हंगामात जैनाबाद, बहादरपूर आणि आसपास अशी एकही मोठी पंगत नव्हती, की जिला त्यांचे हात लागले नाहीत.

या हंगामात तुळशीच्या लग्नापासून आजतागायत त्यांना एकाही घरचे बोलावणे आलेले नाही. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे मी स्वतः जैनाबादला जाऊन, देवळाच्या ओट्यावर बसून, तेथील बायकांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. नंतर मथुराबाई नावाच्या वयस्क बाई एवढेच म्हणाल्या, “तुमचं खरं असंन बाई. पन मांडा हातावर पसरोते ना ते?”

याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर आहे. उपयोगी उत्तर नाही.

७. दि. १० सप्टेंबर १९५६ च्या माझ्या पहिल्या अर्जाचा येथे उल्लेख करणे भाग आहे. त्यात मी वरील चूक थोडक्यात लिहून, शुद्धिपत्र काढावे आणि त्यात योग्य चित्र छापावे, अशी विनंती केली होती. योग्य चित्र अर्जासोबत जोडले होते. इतर कागद आधी लावल्यामुळे ते सहपत्र क्रमांक ६ झाले. मी लिहिले, की चित्र ४ च्या जागी सहपत्र ६ घ्यावे.

शुद्धिपत्र निघाले. जुन्या राज्याच्या शेवटच्या आठवड्यात, इतकी घाई असताना निघाले, याबद्दल मी संबंधितांची ऋणी आहे. त्यात छापले होते : ‘पृष्ठ ३८, चित्र ४ हे चित्र ६ समजावे.’

चित्र ६, वर नमूद केल्याप्रमाणे, शवविच्छेदनानंतरचे आहे.

गुरुजींनी तेही वाचले. सोजरबाई माझ्याकडे आल्या त्या रागावलेल्या नव्हत्या, तर हसत होत्या. मला मात्र त्यांच्याकडे पाहवले नाही. म्हणाल्या, “पहिल्या कागदानं बीमार केलं, दुसऱ्यानं मारून टाकलं. आता तिसरा कागद नको काढू वो बाई, नाही त माह्ये हाडं बी तापीत टाकतीन लोकं.”

मला वाटले होते, की जिवंत माणसाला मृत म्हणणाऱ्या शुद्धिपत्रावर गाव तरी विश्वास ठेवणार नाही आणि त्यामुळे पहिल्या मथळ्यावरचाही विश्वास उडेल. तसे झाले नाही. मथुराबाईंचा विचार असा पडला, की मेली हे झूठ आहे, ते दिसतेच आपल्याला. पण बीमारी आतली, ती कशी दिसणार? या विचारात तर्काची चूक मला काढता आली नाही.

८. दि. १ नोव्हेंबरला राज्ये बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेले. आम्ही होतो तेथेच राहिलो, पण राजधानी भोपाळ झाली. डॉ. नेहेते यांनी मुंबई राज्य पसंत केले आणि ते तिकडे रुजू झाले. मी त्यांना चित्रांबाबत लिहिले. त्यांचे उत्तर मोकळ्या मनाचे होते : “मंगलाबाई, आकडे बरोबर आहेत ना? मग झालं. चित्रं कोण बघतं?” दोन महिन्यांनी एका वैद्यकीय मासिकाने या लेखाचा सारांश देताना चित्रांखालची नावे रुग्णांच्या यादीशी ताडली, सो. बाई यादीत नाहीत असे पाहून त्यांना वाढवले आणि रुग्ण अकराऐवजी बारा लिहिले. तेव्हापासून डॉक्टरसाहेबांची उत्तरे येणे बंद झाले आहे. आता आकडाही चुकीचा आहे, आणि तो बारावा रुग्ण म्हणजे सोजरबाई.

नव्या शुद्धिपत्रासाठी मी नागपूरला अर्ज केला. उत्तर आले, की पत्रिकेचा मजकूर मुंबई राज्याच्या वाट्याला आला आहे, परंतु ब्लॉक जस्ताचे असल्याने ते धातू या सदरात मोडले आणि मध्य प्रदेशाकडे पाठवले गेले. चित्राशिवाय चित्राचे शुद्धिपत्र काढता येत नाही.

भोपाळला अर्ज केला. तेथून हिंदीत उत्तर आले, ते थोडके असल्याने पूर्ण उतरवते : ‘ब्लॉक प्राप्त हुए। तौल ग्यारह सेर, सही पाई गई। लेख के विषय में इस कार्यालय को कोई जानकारी नहीं है।’

मी पुन्हा लिहिले, की त्या अकरा शेरांत जस्ताचा एक तुकडा लाकडापासून सुटलेला असेल आणि त्यावर केळीच्या बागेसारख्या सरळ रांगा दिसतील, तो कृपया बाजूला काढावा. यावर विचारणा आली, की सदर बाग कोणत्या तहसिलीत आहे. चूक माझी होती. सरकारी पत्रात उपमा देऊ नये, हे मी तेव्हापासून पाळते.

९. येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सोजरबाईंना तपासून प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र हाताने लिहून दिले. ते घेऊन त्या बहादरपूरच्या श्री. कडू पाटील यांच्याकडे गेल्या. त्यांच्या मुलीचे लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, १२ मे रोजी आहे. सासरची मंडळी रावेरची. जावयाच्या चुलत्याकडेही पत्रिकेचा तो अंक पोहोचला आहे, कारण ते डॉक्टर आहेत. कडू पाटील भले गृहस्थ आहेत. मुलीच्या आजीच्या लग्नातही सोजरबाईंच्या आईनेच मांडे केले होते. त्यामुळे मांडे त्यांच्याच हातचे व्हावेत, अशी घरच्या सर्वांची इच्छा आहे. प्रमाणपत्र पाहून ते म्हणाले, “सोजरमाय, मले काही शक नाही. पन त्यायच्याजवळ छापेल कागद हाये, अन् तू आनला हातचा. तू मले गोल शिक्क्याचा सरकारी कागद आन. गुरुजी मांडवात वाचतीन, अन् त्याच घडीले खापर चढव.”

त्यांनी दुसरी बाई अजून सांगितलेली नाही. ६ मे पर्यंत थांबतो म्हणाले. हे त्यांचे उपकार आहेत, कारण एवढ्या उशिरा चांगली मांडे करणारी मिळत नाही.

सोजरबाईंनी परत येताना मला विचारले, की गोल शिक्का कोणाजवळ असतो. मी सांगितले, विशेष अधिकाऱ्यांजवळ. त्या म्हणाल्या, “मंग त्याहिले लिव्ह. माह्ये हात हलत राहिले त मी जित्ती हाये. बसून राहिली त तुमच्या किताबाचंच खरं होईन.”

महोदय, त्या विधवा आहेत, त्यांचा मुलगा कापसाच्या जिनमध्ये कामाला आहे आणि पोटाची अडचण नाही. त्यामुळे हा अर्ज मदतीसाठी आहे असा समज होऊ नये. मी त्यांना पूर्वी दोनदा काम करताना पाहिले आहे. गोळा हातावर फिरू लागला, की बोलणारे लोक आपोआप गप्प होतात. पाच महिने त्या दुसऱ्यांच्या मांडवांजवळून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातात. एवढेच मी सांगू शकते.

१०. हे सर्व लक्षात घेऊन मी आपणांस दि. ४ मार्च रोजी शेवटची विनंती केली होती, की नवे शुद्धिपत्र निघत नसल्यास, निदान बुऱ्हाणपूर केंद्रातील नऊ प्रतींमध्ये योग्य छायाचित्र चिकटवण्याची मला परवानगी मिळावी. त्यावर आलेले आपले संदर्भीय पत्र मी अनेकदा वाचले. त्यातील दोन वाक्ये येथे उद्धृत करते :

‘सदर पत्रिकेतील मजकूर, चित्रे व त्यांतील चुका यांची दोन राज्यांत विभागणी अद्याप व्हावयाची असल्याने त्याविषयी या कार्यालयास कोणताही आदेश देता येत नाही. तूर्त या कार्यालयाकडे केवळ योजनेतील कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचे अधिकार असून, छापील प्रतीत कोणत्याही कर्मचाऱ्याने फेरफार केल्यास तो शिस्तभंग समजून तातडीने आरोपपत्र देण्यात येईल.’

पहिल्या दिवशी मी पहिलेच वाक्य वाचत राहिले. दुसऱ्या वाक्याकडे माझे लक्ष आठ दिवसांनी गेले.

११. त्यानुसार निवेदन करते, की रविवार दि. ३१ मार्च १९५७ रोजी सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात मी केंद्राच्या ग्रंथसंग्रहातील नऊही प्रतींमध्ये पृष्ठ ३८ वरील चित्र ४ झाकून त्यावर सोजरबाईंच्या निरोगी यकृताचे छायाचित्र चिकटवले, आणि मथळ्यावर मूळचा मथळा सुवाच्य अक्षरात लिहून डकवला. छायाचित्रे मी स्वतः धुऊन तयार केली. कागद माझा होता. कणकेची खळ सोजरबाईंनी करून दिली. ती फार पातळ आणि एकसारखी होती, त्यामुळे पानांना सुरकुती पडलेली नाही. त्या योजनेच्या कर्मचारी नसल्याने शिस्तीचा नियम त्यांना लागू होत नाही, हे मी आधी तपासून घेतले होते.

सोजरबाईंच्या घरची दहावी प्रत मी तशीच ठेवली आहे. त्या पानावर हळदकुंकू आहे. त्यावर काही चिकटवण्यास त्यांनीच नको म्हटले.

हे कृत्य मी पूर्ण शुद्धीत, आपले पत्र समोर ठेवून केले. कोणी सांगितले नव्हते. श्री. रमेश यांनी खिडकीतून पाहिले, पण त्यांना मी बाहेरच थांबवले. चौकशीत वेळ जाऊ नये म्हणून सर्व आरोप आताच मान्य करत आहे.

१२. यास्तव विनंती, की आपल्या पत्रात म्हटल्याप्रमाणे माझ्यावर तातडीने आरोपपत्र बजावावे.

आपल्या कार्यालयाचे काम हलके व्हावे म्हणून आरोपाचा कच्चा मसुदा जोडला आहे. त्याचा गाभा असा : ‘कु. मंगला अनंत महाशब्दे, प्रयोगशाळा सहायिका, यांनी पृष्ठ ३८ वर जैनाबाद येथील सोजरबाई यांच्या नावे छापलेले, परंतु प्रत्यक्षात दुसऱ्या रुग्णाच्या कर्करोगाचे असलेले चित्र झाकून, त्या जागी उक्त सोजरबाई यांच्याच निरोगी यकृताचे चित्र विनापरवाना चिकटवले.’ फेरफार कोणता झाला हे लिहिल्याशिवाय आरोप उभा राहात नाही, आणि फेरफार लिहायचा तर आधी काय होते आणि नंतर काय झाले, ही दोन्ही यकृते त्यात यावी लागतात. माझ्या समजुतीप्रमाणे यात चुकांच्या विभागणीचा प्रश्न येत नाही. ही चूक संपूर्णपणे माझी आहे आणि मी एकाच राज्यात राहते.

मी चिकटवलेले चित्र चुकीचे आहे, असे कार्यालयाचे मत पडल्यास बरोबर कोणते ते आरोपपत्रात नमूद करावे. पडताळणीसाठी चित्र २ आणि छापील चित्र ४ शेजारी शेजारी जोडली आहेत. घडीवर तांबड्या शाईने बाण काढला आहे. सोजरबाईंची मूळ काच मात्र टपालाने पाठवत नाही. ती फुटल्यास दुसरी करण्यासाठी त्यांना पुन्हा सुई टोचावी लागेल.

१३. मला कल्पना आहे, की योजनेतील कर्मचाऱ्यांना नव्या राज्यात कायम करण्याची यादी आपल्याच टेबलावर आहे आणि त्यात माझे नाव आहे. आरोपपत्र निघाल्यास ते नाव खाली जाईल किंवा जाणारही नाही. त्याबाबत मी या अर्जात काहीही मागत नाही. माझ्या वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मसुदा दाखव. ‘विनापरवाना’ एकदाच लिही, दोनदा नको.” त्याप्रमाणे सुधारणा केली आहे.

फक्त तीन गोष्टींची विनंती आहे. आरोपपत्र मराठीत असावे. त्यावर आपला गोल शिक्का ठळक उमटलेला असावा, मागच्या पत्रावरचा अर्धाच उमटला होता. आणि ते दि. ६ मे पूर्वी माझ्या हाती पडावे.

शिक्षेचा भाग आपण मागाहून कळवला तरी चालेल. तो मांडवात वाचायचा नाही. आरोप मात्र चुडामण गुरुजी १२ मे रोजी बहादरपूर येथे, दोन्हीकडच्या वऱ्हाडींसमोर मोठ्याने वाचतील. ते स्पष्ट वाचतात. त्यांचे वाचून होईपर्यंत खापर तापलेले असेल.

आपल्या कारवाईची मनापासून वाट पाहणारी,

कु. मंगला अनंत महाशब्दे
प्रयोगशाळा सहायिका, यकृतरोग संशोधन योजना
राजपुरा, बुऱ्हाणपूर
दि. ८ एप्रिल १९५७